दुष्काळी तालुक्यातली बुडालेली गाडी

सांगलीच्या शोरूममधून गाडी घरी आणली त्याच दिवशी मी म्हटलं होतं की हिला वास येतोय. दसरा होता. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली चिरडलेल्या लिंबांचे डाग, आरशाला शोरूमवाल्यांनी बांधलेली लाल फीत. पुढे यांच्या शेजारी सासूबाई, मागे मी आणि पेढ्यांचे पुडे. मिरज ओलांडली, धूळ यायला लागली म्हणून यांनी काचा वर करून एसी लावला आणि तो वास माझ्या नाकात शिरला. मी म्हटलं, "आवं, काच खाली घ्या जरा. आत कुबट वास येतोय." हे हसले. नव्या शीटांचा वास हाय त्यो, म्हैनाभरात जाईल, म्हणाले.

माझं माहेर सांगलीतलं, नदीकाठच्या गल्लीतलं. कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलेलं मी पाहिलंय, आणि एकदाच नव्हे. पाणी ओसरलं की मागे राहिलेला गाळ खोऱ्यानं ओढायचा, भांडी पुन्हा पुन्हा घासायची, गाद्या उकिरड्यावर टाकायच्या, हे लग्नाआधी केलं आणि लग्नानंतरही रजा काढून जाऊन भावजयीबरोबर केलं. त्या गाळाचा वास सांगून कळत नाही. कुजलेलं गवत, रॉकेल आणि ओली भिंत असं सगळं त्यात एकत्र असतं. फिनेल ओता, धूप घाला, दारं-खिडक्या बंद केल्या की तो परत येतो. त्याच पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता आणि मी माहेरची कपाटं घासून आले होते. त्यामुळे माझं नाक चुकत नव्हतं. पण कोऱ्या गाडीत तो वास कसा येईल, हे मलाही सांगता येत नव्हतं.

मी कवठे महांकाळला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता द्राक्षबाग बघतात. गाडीची हौस आम्हाला दोघांनाही नव्हती. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, दर पंधरवड्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे आणि एसटीच्या पायऱ्या चढणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना. म्हणून गाडी. मला पांढरी हवी होती. शोरूमच्या मॅनेजरनं सांगितलं की पांढऱ्या गाडीला दिवाळीनंतरचा वायदा आहे, पण ही राखाडी तयार आहे, दसऱ्याला देतो. एका गिऱ्हाइकानं रंग पसंत नाही म्हणून सोडलीय, असंही म्हणाला. यांना मुहूर्त साधायचा होता. राखाडी घेतली.

दसऱ्याच्या संध्याकाळीच मी शोरूमच्या सेल्समनला मोबाइलवर लिहिलं की गाडीला वास येतोय. त्यानं दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पहिल्या सर्व्हिसिंगला त्यांनी आत सुगंधी फवारा मारला आणि आरशाला लिंबाच्या वासाची पुडी लटकवली. चार दिवस लिंबाचा वास आला, पाचव्या दिवशी लिंबू आणि गाळ दोन्ही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एसीची जाळी बदलली. हे प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे, की झालं ना आता समाधान. मला वाटायचं, यांना खरंच येत नाही का वास? नंतर कळलं, येत होता. पण इतकी मोठी वस्तू घेतली आणि त्यात खोट निघाली हे कबूल करायला त्यांचं मन तयार नव्हतं.

मग थंडीत गाडी विचित्र वागायला लागली. चालता चालता दारांची कुलपं आपोआप खटखट वाजायची. मागची काच आपोआप खाली यायची आणि वर जायची नाही. समोरचा पिवळा दिवा लागायचा, विझायचा. वर्कशॉपला नेली की गाडी शहाण्यासारखी उभी. तिथला पोरगा कॉम्प्युटर जोडायचा आणि म्हणायचा, मॅडम, एकही फॉल्ट दाखवत नाही. मी दवाखान्यात रोज बघते, ताप घरी असतो आणि डॉक्टरसमोर उतरतो. पण आम्ही तसल्या माणसाला खोटारडा म्हणून परत पाठवत नाही. इथे आम्हाला पाठवत होते. एकदा तर सुपरवायझर यांना बाजूला घेऊन म्हणाला की मॅडमच्या मनात संशय बसलाय, तो कसा काढणार.

माघात म्हसवडला यांच्या पलटणीतल्या दोस्ताचे वडील वारले. आम्ही भेटायला गेलो. अंगणात बायका बसल्या होत्या, नुकतीच कुणी तरी लांबची लेक आली होती आणि गळ्यात पडून रडत होती. तेवढ्यात गल्लीतून हॉर्न सुरू झाला. थांबेना. सगळ्या माना तिकडे वळल्या. आमचीच गाडी होती, रिकामी, कुलूपबंद. हे धावले, चावी फिरवली, काढली, हॉर्न चालूच. शेवटी बॉनेट उघडून यांनी एक वायर हिसकली तेव्हा तो थांबला. परत येऊन हे दोस्ताशेजारी बसले. अंगणातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला ते मला ऐकू आलं, नवी गाडी हाय, दाखवाय आल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन यांनी मागची सीट काढली. मला हाक मारली. सीटखालचा काळा गालिचा वर उचलला होता आणि त्याच्या खालचा जाड कापूस करड्या चिखलानं माखून वाळला होता. मग डिकीतलं जादा चाक काढलं. त्या खड्ड्यात गाळाचा थर होता, वाळून भेगा पडलेला, तळ्याच्या कडेला पडतात तशा. त्यात नखाएवढ्या गोगलगाईचा शंख होता. हे पायरीवर बसले. चिमटीत गाळ चोळत म्हणाले, "हे आपल्याकडचं न्हाई."

आमच्याकडे मुरूम, तांबूस, हाताला खरखरीत. हा गाळ पिठासारखा मऊ. मी दवाखान्यातून नवी निर्जंतुक डबी आणली, लघवीचा नमुना घ्यायची असते तसली, आणि त्यात गाळ आणि शंख भरून वर चिठ्ठी लावली. काय करणार होते त्याचं, ते ठाऊक नव्हतं. सवयीनं केलं.

ती डबी आणि मोबाइलवरचे फोटो घेऊन आम्ही शोरूमला गेलो. मला खरंच वाटलं होतं की आता विषय संपला. डोळ्यांनी दिसतंय, आता काय नाही म्हणतील? मॅनेजरनं डबी हातात घेतली नाही. फोटो मात्र नीट बघितले, मोठे करून बघितले. मग म्हणाला की गाडीत पाणी शिरलेलं दिसतंय आणि पाणी शिरलं असेल तर वॉरंटी लागू होत नाही. तुम्ही ओढ्याबिढ्यातून गाडी घातली असणार.

इतके महिने दोषच नाही म्हणत होते. दोष दाखवला तर म्हणाले, हा दोष तुमचा.

हे उभे राहिले. आवाज चढवला नाही. "साहेब, आमच्या तालुक्यात प्यायला टँकर येतो. गाडी बुडवायला पाणी कुठनं आणू?"

मॅनेजर म्हणाला, ते मला काय माहीत सर, आणि चहा मागवला. आम्ही चहा घेतला नाही.

त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन सुरू केले. दर वेळी नवीन मुलगी, गोड आवाज, नवा तक्रार क्रमांक. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं: वास, कुलपं, हॉर्न, गाळ. ती सगळं ऐकून घ्यायची आणि सांगायची की आपली तक्रार संबंधित डीलरकडे पाठवली आहे. संबंधित डीलर मला फोन करून विचारायचा, मॅडम, काय प्रॉब्लेम आहे? हे असं उन्हाळा संपेपर्यंत चाललं. मला स्वप्नातसुद्धा ती फोनवरची प्रतीक्षेची धून ऐकू यायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगलीतल्या एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलणं मोजकं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजेल अशा भाषेत सांगितलं. नवी म्हणून विकलेली वस्तू सदोष निघाली तर ग्राहकाला दुसरी नवी वस्तू मागता येते, नाही तर पैसे परत मागता येतात, झालेल्या त्रासाची भरपाईही मागता येते. त्यासाठी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जायचं, तेही दोन वर्षांच्या आत. विकणारा आणि बनवणारा, दोघांनाही पक्षकार करायचं. वकिलाशिवाय स्वतःसुद्धा तक्रार मांडता येते, हेही त्यांनीच सांगितलं. मला त्यांचा विश्वास तिथेच वाटला.

मग त्या म्हणाल्या, "पण ताई, वास दाखवता येत नाही. दोष आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. आजपासून गाडी धुवायची नाही, दुरुस्त करायची नाही, त्यांच्या वर्कशॉपला तर अजिबात द्यायची नाही. एकदा आत गेली की गाळ गेला म्हणून समजा."

यांनी विचारलं, म्हणजे गाडी चालवायचीच नाही? वकीलबाई म्हणाल्या, रस्त्यात बंद पडून काही झालं तर तेही तुमच्यावरच येईल.

तर गाडी बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, द्राक्षांच्या क्रेटशेजारी, वर ताडपत्री. बँकेचा हप्ता दर महिन्याला जात होता आणि आत्या पुन्हा एसटीच्या पायऱ्या चढत होत्या. मी एका हातानं त्यांची कंबर धरायची आणि दुसऱ्या हातानं दांडा. कंडक्टर ओळखीचा होता. एकदा त्यानं विचारलं, सिस्टर, नवी गाडी घेतलीया म्हनं? मी हो म्हटलं आणि तिकिटाचे पैसे काढले.

वकीलबाईंनी पाठवलेल्या नोटिशीला दोन उत्तरं आली. डीलरनं लिहिलं, गाडी उत्तम स्थितीत दिली, पुढचा बिघाड ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा. कंपनीनं लिहिलं, आम्ही गाडी डीलरला विकतो, त्यापुढच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. म्हणजे गाडी बनवणाऱ्याचा संबंध नाही, विकणाऱ्याचा दोष नाही. राहिलो आम्ही. आम्ही तक्रार दाखल केली.

तारखांबद्दल काय सांगायचं. प्रत्येक तारखेला मला रजा टाकावी लागे, दुसऱ्या सिस्टरला विनवण्या कराव्या लागत. हे आदल्या दिवशी बूट पॉलिश करून ठेवत. दोन बस बदलून आम्ही सांगलीला पोचायचो आणि समोरच्या बाजूचा कुणी तरी नवा तरुण वकील उभा राहून म्हणायचा, मुख्य वकील साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, वेळ मिळावा. एकदा त्यांना म्हणणं मांडायला वेळ हवा होता, एकदा कंपनीकडून कागद यायचे होते, एकदा वकीलच बदलला होता. आयोग ताकीद द्यायचा, दंडही लावायचा. दंड भरून ते पुढची तारीख घ्यायचे. आम्ही बाहेर येऊन स्टँडवर भडंग खायचो आणि परत निघायचो. यांचं म्हणणं, पलटणीत हुकूम निघाला की त्याचं उत्तर त्या दिवशी यायचं, मग ते 'न्हाई जमत' का असंना. इथं उत्तरच न्हाई. पुढे पुढे त्यांनी यायचंच सोडलं. बागेची छाटणी आहे म्हणायचे. छाटणी वर्षातून दोनदा असते, तारखा त्याहून जास्त होत्या.

माझ्या उलटतपासणीचे प्रश्न लेखी आले. त्यातले दोन वाचून मला हसावं की रडावं कळेना. तक्रारदाराचं माहेर सांगलीच्या पूरपट्ट्यात आहे हे खरं आहे काय? गाडी माहेरी उभी केली असताना पुराचं पाणी शिरलं, हे खरं आहे काय? पूर येऊन गेला श्रावणात, गाडी घेतली दसऱ्याला. मी रागानं वकीलबाईंना म्हटलं की या लोकांना साधं पंचांग वाचता येत नाही का. त्या म्हणाल्या, वाचता येतं ताई, ते आपल्याला दमवतायत. पुढे माझ्या त्या डबीबद्दल समोरच्यांनी लिहिलं होतं की तक्रारदार बाई कुठलाही चिखल कुठूनही आणू शकते. पहिल्या सर्व्हिसिंगच्या कागदावर 'सर्वसाधारण तपासणी' एवढंच होतं, वासाचं नावही नव्हतं. दसऱ्याच्या संध्याकाळी माझ्या तक्रारीवर सेल्समननं जोडून पाठवलेले ते दोन हात तेवढे कामाला आले.

आयोगानं गाडी तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा आदेश दिला. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक नेमले गेले. त्यांची परीक्षा, त्यांची सुट्टी, डीलरच्या माणसाला वेळ नाही, असं करता करता आणखी एक पावसाळा गेला. अखेर गाडी एका दिवसापुरती क्रेननं उचलून त्यांच्या महाविद्यालयात नेली. मी आणि हे दोघंही गेलो होतो. डीलरचा माणूस होता, कंपनीचाही एक इंजिनिअर होता. प्राध्यापकांनी दाराचे आतले पत्रे काढले. चारही दारांच्या आत, सारख्याच उंचीवर, गाळाची एक रेघ होती. भिंतीवर पुराची रेघ राहते ना, तशीच. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता आणि त्यातही गाळ. मी यांच्याकडे बघितलं. हे कंपनीच्या इंजिनिअरकडे बघत होते. तो तरुण मुलगा होता, त्यानं मान खाली घातली आणि मोबाइल काढला.

प्राध्यापकांनी आमच्याशी गप्पा मारल्या नाहीत, चहासुद्धा घेतला नाही. मी जे बघितलं तेवढंच लिहीन, म्हणाले. आणि तेवढंच लिहिलं: गाडी सीटच्या उंचीपर्यंत साचलेल्या पाण्यात बराच काळ उभी होती. वाहत्या ओढ्यातून चालवून असं होत नाही. मात्र हे नेमकं कधी घडलं ते सांगता येणार नाही.

शेवटच्या वाक्यावर डीलरचा वकील जो बसला तो उठेना. कधी ते सांगता येत नाही, म्हणजे आमच्याकडे नाही. आमचं यार्ड उंचावर आहे, तिथं पाणी आलंच नाही, असं शपथपत्र त्यांनी दिलं. वकीलबाईंनी मागणी केली की त्या पावसाळ्यात यार्डात कुठल्या गाड्या उभ्या होत्या त्याची नोंद दाखवा. दोन तारखा ते गप्प राहिले. तिसऱ्या तारखेला उत्तर दिलं की त्या काळातल्या नोंदी पुरात भिजून खराब झाल्या, सबब हजर करता येत नाहीत.

वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून आयोगापुढे वाचले. पहिल्यात यार्डात पाणी आलं नव्हतं, दुसऱ्यात नोंदी भिजल्या होत्या. आयोगाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "दोन्हींतलं खरं कोणतं?" समोरच्या वकिलानं वेळ मागितला. त्या दिवशी नेमके हे आले नव्हते. घरी येऊन मी त्यांना सांगितलं तर ते भाकरीचा घास हातात धरून ऐकत राहिले आणि आणखी एकदा सांग म्हणाले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बुडालेली गाडी नवी म्हणून विकली, हा सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. डीलरनं गाडीची पूर्ण किंमत व्याजासह परत द्यावी, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च वेगळा. कंपनीला मोकळं सोडलं, कारण दोष कारखान्यातला नव्हता. ते मला पटलं नाही, पण वकीलबाई म्हणाल्या, ते सोडा. मी त्या निकालाचं पान बसमध्ये पुन्हा पुन्हा वाचलं. इतकी वर्षं माझ्या मनातला संशय म्हणून जे हिणवलं होतं, ते सरकारी कागदावर छापून आलं होतं.

महिन्याच्या आत डीलरनं राज्य आयोगात अपील केलं. निम्मी रक्कम भरून निकालाला स्थगिती मिळवली. आणखी किती वर्षं लागतील, मी विचारलं. वकीलबाईंनी खोटा धीर दिला नाही. सांगता येत नाही, म्हणाल्या.

मग डीलरचा निरोप आला. गाडीची किंमत परत देतो, व्याज नाही, भरपाई नाही. तक्रार मागे घेतली असं लिहून द्या. आमची चूक झाली असं आम्ही कुठंही लिहिणार नाही. आणि या प्रकरणाबद्दल तुम्ही कुणाशी काही बोलायचं नाही.

आमच्या घरात त्या आठवड्यात जेवढं भांडण झालं तेवढं संसारात झालं नसेल. यांना घ्यायचं होतं. मला नव्हतं. मी म्हणाले, जिंकल्यावर कुणी तह करतं का? हे म्हणाले, जिंकलो कुठं, कागद जिंकलाय. शेडमधी गाडी सडतीया, आई एसटीला लोंबकळती, अन् तुला शाबासकी पायजे. मला ते फार लागलं. शाबासकी नको होती मला. त्या मॅनेजरनं एकदा, फक्त एकदा, म्हणायला हवं होतं की हो बाई, गाडी बुडाली होती. एवढंच हवं होतं. आत्या खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, मला काय आता लय दिस मिरजंला जायाचं न्हाई. माज्यासाटी घाई करू नगंस." त्या असं म्हणाल्या आणि मी दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंना होकार कळवला.

सह्या करायला गेलो तेव्हा मॅनेजर समोरच बसला होता. तोच, फक्त केस थोडे पिकलेले. मी त्याला म्हटलं की मला तुमचं व्याज नको, पण पाणी शिरलं होतं एवढं या कागदावर लिहा. त्यांचा वकील हसला. मॅनेजर हसला नाही, तो टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम, माझ्या हातात नाही. मग मी सह्या केल्या, गाडी त्यांच्या नावावर करायच्या कागदांवरसुद्धा. क्रेन आली आणि शेडमधून गाडी गेली. तिच्या जागी यांनी त्याच संध्याकाळी खताची पोती रचली.

मी क्रेनवाल्याला विचारलं होतं की आता हिचं काय करतील. तो म्हणाला, करतील काय तरी, विकतील. ते माझ्या डोक्यात राहिलं. वकीलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, गाडी मोडीत काढा असं निकालातही नव्हतं आणि तडजोडीतही नाही. मी परिवहन कार्यालयात जाऊन चौकशी केली की या गाडीच्या नोंदीवर 'पुरात बुडालेली' असा काही शेरा मारता येतो का. तिथल्या बाबूंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, असा रकाना नाही.

आम्ही पुढे जुनी गाडी घेतली, एका ओळखीच्या शिक्षकांची. घेण्याआधी हे बॅटरी घेऊन तिच्याखाली आडवे झाले होते, शिक्षकांना जरा अपमान वाटला. आत्या त्या गाडीतून मिरजेला जात राहिल्या, वर्षभर.

गेल्या उन्हाळ्यात मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई बोलत होती, आवाजावरून तिशीतली. साताऱ्याजवळच्या गावात राहते, नवरा फौजेत आहे, मुलांना शाळेत सोडायला तिनं जुन्या गाड्यांच्या दुकानातून गाडी घेतली होती, कमी चाललेली म्हणून. पुढच्या कप्प्यात विम्याचा जुना कागद सापडला, त्यावर माझा नंबर होता. गाडीचा रंग तिनं राखाडी सांगितला. आधी ती चाचरत होती, राग मानू नका म्हणत होती. मग विचारलं, "ताई, इतकी कमी चाललेली गाडी तुमी का विकली?"

हे समोर बसून कांदे निवडत होते. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी हातानं खूण केली, सही केलीय आपण. मला ठाऊक होतं.

मी तिला म्हणाले, "विकली नाही, परत केली. मागची सीट काढून गालिचा उचलून बघा, पण धुऊ नका."

मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं. म्हसवडचा हॉर्न, दारांतली रेघ, दोन शपथपत्रं, सगळं. हे मध्येच उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं परत येऊन बसले. ती मधे एकच म्हणाली, की तिचे सासरे म्हणतायत, बाईमाणसाला गाडी चालवता येत न्हाई म्हणून ती बंद पडती. शेवटी तिनं विचारलं की मी तर दुसऱ्या हातानं घेतलीय, माझं कुणी ऐकेल का? विचारून सांगते, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दोष लपवून विकली असेल तर त्या दुकानदारावर तक्रार करता येते, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागेल, आणि तेही साताऱ्याच्या आयोगात. तुम्ही साक्षीला जाल का, त्यांनी विचारलं. तडजोडीच्या कागदाची आठवणही करून दिली.

यांना मी रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ताकाची वाटी संपवली. मग म्हणाले, आपली जुनी गाडी तितक्या लांब दम धरायची न्हाई, अन् साताऱ्याला इथनं थेट एसटी न्हाई, विट्याला बदलावी लागती.